दोर संपते तिथं

आसेगाव, मंगळवार, दिवेलागण

आजही तलावाच्या मधातूनच परत फिरलो. कमरेचा दोर ताणला गेला आन् हात आपोआप काठाकडं वळले.

सुट्टी संपवून कामावर गेलो का परीक्षा. समुद्रकाठच्या ज्या हॉटेलात मी भांडी घासतो, तिथं न थांबता लांब पोहून दाखवलं तं जीवरक्षकाचं काम देतो म्हणे मालक. नाही तं हायेतच भांडी. पण मी पोहायले शिकलो विहिरीत. चार हात मारले का भिंत हाती येते. तलावात भिंतच नाही.

तिथला जीवरक्षक म्हणाला होता, घाई करू नको, हात लांब मार, श्वास पाण्यात सोड. तसं केलं तं खरंच दम पुरते, वेगही वाढते. आज तं दम बाकी होता. मंग फिरलो काहून? दोर संपला म्हणून.

दोर धरून काठावर बाबा बसतात. बाहेर आल्यावर विचारलं, "बाबा, मी बुडून राह्यलो असतो तं तुमी मले वढलं असतं न?"

बाबा हासले. "अबे, या म्हाताऱ्या हातानं बादली वढणं होत नाही मले. तूच मले पाण्यात घेऊन गेला असता."

म्हणजे इतके दिवस मी आपल्याच भरोशावर पोहून राह्यलो होतो? याच्यानं धीर यायले पाहिजे. पण मले तं जास्तच भेव लागून राह्यलं.

उद्या पलीकडचा काठ गाठायचा हाय. दोर तितका लांब नाही.

तरी बाबाले म्हटलं, उद्याही या. दोर मी कमरेले बांधणार नाही, पण तुमी हाती धरून बसा.