अडुसष्ट पिना

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय ताई,

तू आणि आप्पा बरे असाल असं धरून चालतो. मी ठीक आहे. दोन दिवस सर्दी होती, आता उतरली. अक्षर तेवढं लावून घे. शाळेत होतं त्याहून बिघडलंय, आणि शाळेत कसं होतं ते तुला माहीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू लगेच स्पीकर लावतेस आणि मागे आप्पा खाकरतात. मग तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो जेवलो, आणि संपतं. खरं तर बऱ्याचदा जेवलेलो नसतो.

काम तेच. दुकानाच्या तळघरात जुने लॅपटॉप पोत्यांनी येतात. मी ते उघडायचे, चालणारा भाग वेगळा, मेलेला वेगळा. मालक मला ‘स्क्रू’ म्हणतो, कारण पहिल्या दिवशी एक स्क्रू हरवला आणि तो शोधायला मी अख्खं तळघर झाडलं. स्क्रू माझ्या बुटात निघाला. आता सगळेच स्क्रू म्हणतात. माझं खरं नाव इथे कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

खोलीत आम्ही तिघं आहोत, पण ते दोघं रात्रपाळीला. मी येतो तेव्हा ते गेलेले, ते येतात तेव्हा मी गेलेला. या खोलीत येऊन पाच महिने झाले, एकाचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. त्याचा ब्रश हिरवा आहे आणि तो साबण ओला ठेवतो, एवढीच ओळख. सुट्टीच्या दिवशी ते तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेले असतात, म्हणून त्यांची झोप मोडू नये असं मनाला सांगून मी दिवसभर बाहेर फिरतो. पायांना सवय आहेच. तूच म्हणायचीस ना, याच्या तळपायाला भिंगरी आहे.

आता कामाचं. मी पाठवलेल्या लॅपटॉपात भरतकामाच्या मशीनचं कार्ड जात नाही म्हणालीस. चूक माझी. आपलं कार्ड जुन्या जातीचं, रुंद. या लॅपटॉपची खाच अरुंद. दिवसभर याच खाचा पुसतो आणि घरी पाठवताना नेमकं तेच बघितलं नाही. मधे एक अडॅप्टर लागेल, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद. मिळेल. एक कर, कार्ड कागदावर ठेव, पेन्सिलीने भोवती आखून तो कागद पाठव. तुझ्या फोनचा कॅमेरा असून नसल्यासारखा. एका कडेला बारीक छिद्रं आहेत ती मोज.

दवाखान्याचे कोट नावं न शिवताच परत पाठवावे लागले ते ऐकलं. मशीन कार्डात आहे तेवढंच शिवणार, आणि कार्डात नवं नाव लॅपटॉपवरूनच जाणार, त्याला कोण काय करणार. आप्पा आता जुन्याच नर्सची नावं शिवत बसलेत का, असं विचारून मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

जुना लॅपटॉप कसा बिघडला ते आता उगाळत बसू नका. आप्पांनी मशीनच्या खोलीची किल्ली तुला परत दिली का? तू सांगितलं नाहीस म्हणून विचारलं.

तुझा,
स्क्रू


रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

कागद मिळाला. कार्ड आखलंस ते ठीक, पण बाजूला तुझा अंगठाही आखला गेलाय. तो तसाच ठेवलाय. छिद्रं अडुसष्ट लिहिलीस, तेवढीच हवीत. रुंद खाचेत अडुसष्ट पिना, कार्डाला अडुसष्ट छिद्रं.

चार रविवार हेच करतोय. पहिल्या दुकानदाराने उलटा अडॅप्टर गळ्यात मारला, रुंद खाचेत अरुंद कार्ड घालायचा. परत द्यायला गेलो तर म्हणाला, अडॅप्टर मागितलास, अडॅप्टर दिला. दुसरा निळ्या रंगाचा मिळाला. लॅपटॉपात छान बसला, दिवाही लागला. दुकानातलं एक जुनं रुंद कार्ड त्यात घातलं, आणि लॅपटॉप ढिम्म. मी अर्धा तास त्याच्याशी बोललो, ताई. तळघरात मी एकटाच असतो, त्यामुळे कुणी वेड्यात काढत नाही.

शेवटी एका म्हाताऱ्याचा पत्ता लागला. गल्लीच्या टोकाला त्याचं कपाटाएवढं दुकान आहे. कपाळावर भिंग बांधलेलं असतं, म्हणून मी त्यांना भिंगवाले काका म्हणतो. त्यांनी तुझा कागद पाहिला आणि विचारलं, कार्डाच्या वरच्या कडेला सोनेरी पट्टी आहे का, बारीक उंचवट्यांची? मी म्हटलं, कागदावर कशी दिसणार. काका म्हणाले, मग जिच्याकडे कार्ड आहे तिला विचार. त्या दिवशी फोनवर मी तुला पट्टीचं विचारलं आणि आप्पा मागून ओरडले कसली पट्टी, ते यासाठी. पट्टी नाही म्हणालीस, तिथेच निकाल लागला. पट्टीवाली रुंद कार्डं पुढच्या पिढीची, बिनपट्टीची त्याआधीची. दिसायला सख्खी भावंडं. निळा अडॅप्टर फक्त पुढच्यांना ओळखतो. दोघांना ओळखणारा क्वचित मिळतो. काकांकडे एक असावा, पण त्यांच्या त्रेपन्न ड्रॉवरांपैकी कशात, ते त्यांनाही ठाऊक नाही. दर रविवारी मी दहा-बारा ड्रॉवर उपसतो. ते चहा करतात. एका माणसासमोर बसून चहा पिऊन किती दिवस झाले होते ते तेव्हा कळलं.

कुणाचं काम आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईकाचं.

कागदाच्या मागे तू लिहिलंस ते वाचलं. अडॅप्टर मिळाला तरी तू मशीनवर बसणार नाहीस. तुझं म्हणणं, आप्पा म्हणतात तसं जुन्या लॅपटॉपात तूच कार्ड उलटं रेटलं असशील, तुला आठवत नाही पण असेल. तुझ्या आताच्या खोके भरायच्या कामात निदान काही मोडत तरी नाही.

ताई, नऊ वर्षं तू ते कार्ड घालत होतीस. दिवे गेले तरी हाताने चाचपून घालायचीस. असलं काही मनात आणू नकोस.

इथे दोन ओळी खोडल्यात. वाचायचा प्रयत्न करू नकोस.

तुझा भाऊ


शुक्रवार, १ मार्च

आप्पा,

तुम्हाला वाकून नमस्कार. याआधी घरी पत्रं पाठवली ती ताईच्या नावाने, पाकिटावर तुमचं नाव पहिल्यांदाच घातलं. ते वाकडं आलंय. चष्मा लावून तुम्हीच वाचा. ताईला वाचायला देऊ नका.

पुड्यात अडॅप्टर आहे. इथल्या भिंगवाल्या काकांच्या दुकानात, एकेचाळिसाव्या ड्रॉवरमध्ये मिळाला. अरुंद टोक लॅपटॉपात, रुंद तोंडात आपलं कार्ड, लेबल वर. काकांकडे आपल्यासारखंच बिनपट्टीचं एक कार्ड होतं, त्यावर सात वेळा तपासलाय. नवं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. चालतो.

पण नुसता अडॅप्टर पाठवून चालणार नाही. महिनाभर मला वाटत होतं की मशीन सुरू झालं की सगळं आपोआप जागेवर येईल. नाही येणार.

जुना लॅपटॉप मी मोडला.

इथल्या कामासाठी मालकाला निरोप पाठवायचा होता आणि तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. एकाकडून इंटरनेटचं अरुंद कार्ड मागून आणलं, ते आपल्या रुंद खाचेत बसावं म्हणून प्लास्टिकचा सांगाडा आणला. सांगाडा उलटा जाऊ नये म्हणून त्याला कडेला खोबण असते. स्वस्तातल्याला नव्हती. तुम्ही आणि ताई मापं घ्यायला गेला होतात, दुपार होती. जात नव्हता म्हणून मी अंगठ्याने दाबला. आत काहीतरी कुरकुरलं. टॉर्च लावून पाहिलं तर चार पिना आडव्या. मशीनच्या सुईने सरळ करायला गेलो, दोन तुटल्या. मग लॅपटॉप होता तसा बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने कार्ड घातलं. ते जाईना. तिने जोर लावला आणि नेमके तेव्हाच तुम्ही आत आलात. तुम्ही म्हणालात, “हात आहेत की हातोडे?” ती कार्डाकडेच बघत राहिली. मी दारात दात घासत उभा होतो. तोंडात फेस होता म्हणून बोललो नाही, असं मी दीड वर्ष स्वतःला सांगतोय. थुंकायला किती वेळ लागतो, आप्पा.

दोन दिवसांनी मी निघालो. नंतर तुम्ही तो लॅपटॉप भंगारात दिलात, खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतलीत, ती खोके भरायला जायला लागली. हे सगळं मला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू.

अडॅप्टर सापडला त्या दिवशी काकांनी तो माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. म्हणाले, “गिऱ्हाईकाचा कागद कोणी वरच्या खिशात घेऊन फिरत नाही. कोण आहे ही?”

मी म्हटलं, बहीण.

“जुन्या खाचेचं काय झालं?”

तेव्हा मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं, भिंग कपाळावर सरकवलं आणि एवढंच म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग?”

ताईला मी स्वतः लिहिणार होतो. पण मी लिहिलं तर तिला वाटेल, हा माझ्यावरचा आळ स्वतःवर घेतोय. लहानपणी ती माझ्यासाठी तेच करायची. फुटलेल्या आरशाचा मार तिने खाल्ला होता, तो मी फोडला होता. तुम्हाला तेही माहीत नसेल. म्हणून तिला हे तुमच्या तोंडून कळायला हवं. तिच्या हातात काही दोष नव्हता आणि नाही, हे तुम्ही तिला सांगा. तुम्ही चिडला होतात ते बरोबर होतं, पण चुकीच्या माणसावर.

किल्ली द्या असं सांगायचा मला हक्क नाही. तरी सांगतो.

माझ्यावर हवं तेवढं रागवा. पत्राने, फोनवर, कसंही. ये म्हणालात तर येईन. काहीच म्हणाला नाहीत तर तेही समजेन, आणि महिन्याला पैसे पाठवायचे थांबवणार नाही. फक्त तिला सांगितलंत एवढं कुणाकडून तरी माझ्यापर्यंत येऊ द्या.

तुमचा मुलगा,
अजून तसं लिहिता येत असेल तर