दुसरी सीडी

आई, टीव्हीखालच्या खणात कोपरापर्यंत हात घालून मी तुझ्या सीडी बाहेर काढत होते, आणि मागे सोफ्यावर बाबा तीच गोष्ट सांगत होते. दिल्लीत, द्वारकेला, दादाच्या घरी. समोरच्या फ्लॅटमधले नवरा-बायको आले होते. "हमारी मिसेस को ना, आखिर तक डीवीडी समझ में नहीं आया," बाबा म्हणाले. "नया प्लेयर घर में, और ये बाज़ार से वही पुरानी वीसीडी उठा के लाती थी. दो-दो डिस्कवाली." पाहुणे हसले. दादा हसला. वहिनी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "क्या हुआ? मुझे भी बताओ." कुणी सांगितलं नाही. "भजी जळतील," बाबा म्हणाले. ती आत गेली.

दादाला तो खण रिकामा हवा होता. वर त्याच्या ब्लू-रेची निळी खोकी, त्याखाली डीव्हीडी, तळाशी तू आणलेल्या सीडी. पाहुण्याने विचारलं, नवीन आल्यावरही जुनी इतकी वर्षं विकली कशी जात होती? दादाला समजावून सांगायला आवडतं. नवं यंत्र जुनी डिस्क चालवतं, म्हणून कुणाला जुनी टाकून द्यावी लागली नाही. जुनं यंत्र नवी चालवत नाही, म्हणून ज्यांच्याकडे जुनंच होतं ते जुनीच घेत राहिले. ती स्वस्तही होती. आणि कितीतरी सिनेमे नव्या डिस्कवर आलेच नाहीत. "तो दोनों चलती रहीं. इंडिया में सब चलता है." सगळं खरं होतं. पण आपल्या घरातलं कारण यातलं एकही नव्हतं. बाबांना ते माहीत असायला हवं होतं. ते दर रविवारी तिथेच बसलेले असायचे.

मयूर विहारचं घर. रविवारची संध्याकाळ. सिनेमा दोन सीडींवर मावतो. बाबा पहिली आत सरकवतात. तू डबीतून दुसरी काढतेस आणि करंगळीत घालतेस, मधल्या भोकातून, कारण बाकीच्या बोटांना कणीक आहे. ती तशीच घेऊन तू स्वयंपाकघरात जातेस आणि फ्रिजवर, धुतलेल्या फडक्यावर ठेवतेस. पहिला अर्धा सिनेमा तू भिंतीपलीकडून ऐकतेस. "हा कोण बोलला गं?" तू आतून विचारतेस. मी म्हणते, "श्श." मग मध्येच, कुणाचं तरी वाक्य अर्धवट सोडून, चित्र थांबतं. "अगं, सीडी आण," बाबा ओरडतात. "आले. तवा उतरवते." आणि आम्ही तिघं रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतो. तुझा तवा उतरेपर्यंत, गॅस बंद होईपर्यंत, तुझे हात धुऊन होईपर्यंत. त्या घरात तुझ्यासाठी कुणी थांबलेलं मी फक्त तेव्हा पाहिलं. तू येतेस, सीडी घालतेस, वेताच्या मोढ्यावर बसतेस आणि शेवटपर्यंत उठत नाहीस. दाराची बेल वाजली तरी "बघ गं" म्हणतेस. तुला अर्धा सिनेमा मिळायचा. नेहमी दुसरा अर्धा.

नवा प्लेयर बाबांनी नोएडाहून आणला. पगारवाढ झाली होती, पलीकडे काचेची दुकानं उघडली होती, आणि आपल्या सोसायटीत प्रत्येकाच्या माळ्यावर थर्माकोल भरलेली खोकी जमू लागली होती. "आता मध्ये उठायला नको," बाबा म्हणाले. सिनेमा अखंड, एकाच डिस्कवर. त्या रविवारी तू हात पुसत बाहेर आलीस तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

"संपला?"

"मग आधी येऊन बसायचं," बाबा म्हणाले. "तुला कुणी अडवलंय? चल, पानं घे."

तू पानं घेतलीस. पुढच्या आठवड्यात मी तुझ्याबरोबर पालिका बाजारात होते. दुकानात दोन्ही रांगा शेजारीशेजारी होत्या. "आंटी, डीवीडी ले लो," दुकानदार म्हणाला. "एक में पूरी पिक्चर. प्रिंट भी साफ."

"नहीं भैया. वो दोवाली दीजिए."

"प्लेयर पुराना है क्या?"

"नहीं. प्लेयर नया है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तू त्याला काही समजावून सांगितलं नाहीस, मलाही नाही. मोठ्या टीव्हीवर त्या सीडीतली माणसं चौकोनाचौकोनांनी फुटायची. बाबा चिडायचे. एकदा त्यांनी सीडी उजेडात धरली, बनियनला पुसली आणि म्हणाले, "कणकेचे हात लावून सगळ्याची घाण करून ठेवतेस." तू "बरं" म्हणालीस. पुढच्या रविवारी दुसरी सीडी पुन्हा तुझ्या करंगळीत होती.

रिमोटवर थांबवायचं बटण होतं. जुन्याच्याही, नव्याच्याही. मला किळस येते ती याची. आम्ही गरीब नव्हतो, अडाणी नव्हतो. बाबांनी तुझ्यावर कधी हात उचलला नाही, हे ते आजही अभिमानाने सांगतात. एका बोटाने दाबायचं बटण होतं आणि तीन माणसांची तीस बोटं मांडीवर पडलेली होती. त्यात माझीही दहा. तेवढं आमच्याकडून होईना, म्हणून तुला यंत्राकडून ते करून घ्यावं लागलं. आणि त्याची आता पाहुण्यांना सांगायची गोष्ट झाली आहे, भज्यांबरोबर.

सीडी जमिनीवर ठेवून मी म्हटलं, "बाबा, तिला समजत होतं."

"काय समजत होतं?"

"दुसरी सीडी ती आत का न्यायची ते. तुम्ही तिच्याशिवाय पुढे बघू नये म्हणून."

बाबांना खरंच आठवत नव्हतं, की आठवण्यासारखं काही वाटत नव्हतं, मला ठरवता आलं नाही. "काहीतरीच," ते म्हणाले. "तिला सिनेमाची फारशी आवडच नव्हती."

"चल यार," दादा म्हणाला. "मजाक चाललाय. गेस्टसमोर काय हे?"

"क्या कह रही है?" शेजारणीने विचारलं.

"कुछ नहीं. मम्मी की याद आ गई."

शेजारीण माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. मी तो फिरवू दिला.

मग दादाने सिनेमा लावायचं ठरवलं. आता डिस्कही लागत नाही. वहिनी आतून म्हणाली, "सुरू नका करू हं, आलेच." "हो हो," दादा म्हणाला आणि सुरू केला. तू गेलीस तेव्हा त्याचं लग्न झालं नव्हतं. वहिनीने तुला कधी पाहिलेलं नाही. तरी ती तिथेच उभी आहे. मी उठून या खोलीत आले आणि हे लिहायला बसले. भिंतीपलीकडून संवाद ऐकू येताहेत, आणि त्यांच्या अलीकडे कढईतला झारा.

तुझ्या सीडी मी पिशवीत भरल्या आहेत. माझ्या घरी त्या चालतील असं काही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं तेही नाही. फक्त एक राहिलं. सिनेमा सुरू करून दादाने रिमोट माझ्याकडे टाकला होता, मी उठले तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. तो खाली पडू नये म्हणून मी उचलला आणि दादाच्या हाताशी ठेवला.

काल इथवर लिहून थांबले होते. आज सकाळी वहिनीने दादाचा डबा भरता भरता विचारलं, "पिक्चरचा शेवट काय झाला?" मी म्हटलं, मी पाहिला नाही. दादाने पेपरातून मान वर न काढता एका वाक्यात सांगितला. ती "अच्छा" म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण लावलं.