तीन फिल्टरांवरची काजळी

शिरूर कासार,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय वैष्णवी,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकशील. अंबाजोगाईच्या होस्टेलात आपल्या खाटा शेजारी-शेजारी होत्या, पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. पण तू फोन उचलत नाहीस आणि माझे मेसेज महिनाभर एकाच टिकवर थांबलेत. म्हणून हे घाटनांदूरच्या पत्त्यावर पाठवतेय. राखीला घरी आली असशील, अजून तिथेच असशील असं धरून चाललेय.

इकडे बरं आहे. बाजरी कमरेला आली. बापूंच्या गुडघ्याला पट्टा बांधलाय, तरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचंच म्हणतात. मुकादम येऊन गेला. आई त्याला म्हणाली, "आता लेक बीडच्या कॉलेजात शिकवती, आता कावून जायाचं आमी?" त्या नोकरीबद्दल पुढे लिहिते.

तुझ्या सत्काराची बातमी मार्चमध्येच वाचली. विजयसिंह काकांनी स्वतःच्या हातानं लेकीला फेटा बांधला. वर मथळा, 'बीडच्या लेकीने शोधला दक्षिण ध्रुवावरचा धूर'. ते कात्रण माझ्या कपाटात आहे. फेकवतही नाही आणि कुणाला दाखववतही नाही.

त्या धुराबद्दलच लिहायचंय. तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते. चौकशी समितीपुढे पहिल्यांदा बोलले तेव्हा माझा क्रम चुकला होता.

अंटार्क्टिकाला खरं तर तू जाणार होतीस. वैद्यकीय तपासणीत तुझा दमा निघाला आणि तुझ्या जागी मी गेले. निघताना तू मला मिठी मारून म्हणालीस, "मने, माझ्या वाटची हवा घेऊन ये." आणली की. एकसष्ट दिवसांची, एकसष्ट फिल्टरांवर.

रोज सकाळी बर्फातून पंपापर्यंत चालत जायचं, कालचा फिल्टर चिमट्यानं काढून फॉइलमध्ये गुंडाळायचा, नवा लावायचा. पांढरा लावायचा आणि डोळ्यांना पांढराच निघायचा. हवेतून त्यावर काय बसलंय ते पुण्याला तुझ्या यंत्रावर कळणार. समुद्राचं मीठ, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळामुळे तयार होणारं गंधकाचं आम्ल, उघड्या खडकांची धूळ, आणि कधीतरी समुद्रापलीकडच्या जळालेल्या रानांचा एखादा कण. पेनातली शाई गोठायची म्हणून वही पेन्सिलीनं लिहायचे. वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा. वारा संशोधन-स्टेशनच्या जनरेटरकडून आला की पंप बंद, हा नियम.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत तीन दिवस वारा जनरेटरकडूनच होता. पंप आपोआप बंद करणारी कळ गोठून बसली होती आणि मी ती तपासली नाही. तिसऱ्या दिवशी फिल्टर करडा निघाला तेव्हा लक्षात आलं. चूक माझी. त्याच पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अडतीस, एकोणचाळीस, चाळीस धरू नयेत. जनरेटरचा धूर.'

पुण्यात त्या तिघांवरचा काजळीचा आकडा बघून तू खुर्चीतून उठलीस. रानातला धूर ध्रुवापर्यंत पोचला म्हणालीस. मी म्हणाले, "वैष्णवे, पालापाचोळा, लाकूड काहीही जळालं की लेव्होग्लुकोसान निघतं. इथं ते कुठाय? नुसती काजळी हाय. हे डिझेल हाय, बाई." तू हसलीस. "उसाचं पाचट जळताना बघत वाढलेली तू, तुला कोण शिकवणार! काढते ते तीन."

ते हसणं मला कौतुकाचं वाटलं होतं.

मागच्या दिवाळीत तू गाडी घेऊन आमच्याकडे आलीस. चुलीपुढे पाटावर बसून आईच्या हातची भाकरी खाल्लीस, तिला इरकल नेसवलंस. जाताना म्हणालीस, "वही दे गं, स्कॅन करून लगेच पाठवते." मी पिशवीत घालून दिली. फोटो काढून ठेवावेत असं मनातसुद्धा आलं नाही. तुझ्याजवळ असणं आणि माझ्याजवळ असणं मला एकच वाटत होतं.

मार्चमध्ये शोधनिबंध छापून आला, आपल्या दोघींच्या नावानं. तिन्ही फिल्टर आत होते, आणि त्यांच्याच जिवावर सगळा निष्कर्ष.

जूनमध्ये दुसऱ्या देशातल्या लोकांनी तोच प्रश्न विचारला जो मी विचारला होता. रानातला धूर असेल तर लेव्होग्लुकोसान कुठे आहे? समिती बसली. मला बोलावलं, तोवर मला वाटत होतं की तू घाबरली असशील, आपण दोघी मिळून चूक कबूल करू. समितीच्या मॅडमनी तुझं निवेदन माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की वाऱ्याच्या नोंदींची कुठलीही वही तुला मिळाली नाही. फिल्टर खराब असतील तर तो दोष नमुने गोळा करणाऱ्या व्यक्तीचा.

इथपर्यंत मी सहन केलं असतं. भीतीनं माणूस खोटं बोलतो. पण पुढचं वाक्य तू सावकाश विचार करून लिहिलंयस. 'सदर व्यक्ती ऊसतोड मजूर कुटुंबातून आली असल्याने तिला शास्त्रीय शिस्तीचे संस्कार नव्हते. सहानुभूतीपोटी मी तिला संधी दिली.'

वैष्णवी, तू माझ्या आईच्या चुलीपुढे बसली होतीस.

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला यावर काही म्हणायचंय?" मी काहीबाही बोलले, मधेच थांबले. बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. पुरं ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, "त्या छापल्याल्या निबंधावर तुजी बी सही हाय का न्हाई?"

"हाय."

"न वाचता केलतीस?"

मी सुपातली एक शेंग उचलून सोलायला लागले. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"मने, वाचून केलतीस का?"

वाचून केली होती. तुलाही हे आजच कळतंय. यंदाच्या जानेवारीत तू निबंधाचा मसुदा पाठवलास तेव्हाच मी ते तीन फिल्टर त्यात पाहिले होते. तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. बीडच्या कॉलेजची मुलाखत होती, तिथं एक तरी छापील निबंध लागत होता. मनाची समजूत घातली की वैष्णवीनं काही विचार केला असेल. सही केली. जूनमध्ये नोकरी लागली.

आई म्हणाली, "तिनं लई वाईट केलं. पन तुजा हात तर कुनी धरला नव्हता. आदी आपलं सांग, मग तिचं."

बापू भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते एवढंच म्हणाले, "नोकरी जाईल."

"जाऊ द्या," आई म्हणाली. मग पदर डोळ्याला लावला आणि सूप परत पुढे ओढलं.

परवा मी समितीला सगळं लिहून पाठवलं. माझी गोठलेली कळ, तुझं वही नेणं, माझी वाचून केलेली सही. स्टेशनवर जनरेटर बघणारे सुग्रीव मामा आठवतात? माझ्या फोनवरून बोलली होतीस तू त्यांच्याशी. त्यांचं स्वतःचं रजिस्टर होतं. त्या तीन दिवसांत धूर पंपाकडे जातोय म्हणून त्यांनी शेरा मारून ठेवला होता. त्यांनी त्या पानाची प्रत दिली, तीही जोडली. निबंध आता मागे घ्यावाच लागेल. तुझंही नाव जाईल, माझंही.

काल कॉलेजात जाऊन प्राचार्यांना सांगितलं. ते भले माणूस आहेत. म्हणाले, "मॅडम, ही नेमणूक त्या निबंधावर झाली होती. आता मी काय करू?" मी राजीनामा लिहूनच नेला होता. त्यांनी चहा मागवला, मी कागद टेबलावर ठेवला.

तुझ्याबद्दल मी समितीला एकही शब्द वाढवून सांगितलेला नाही. कमीही केलेला नाही. ते संस्कारांचं वाक्य मात्र बापूंना दाखवलं नाही, आणि दाखवणारही नाही. त्यांना तू आवडायचीस.

पत्राच्या शेवटी घरच्या थोरांना नमस्कार लिहितात. मी थांबलेय. तुझ्या आईनं, वच्छलाबाई काकूंनी, होस्टेलवर डबा पाठवला की त्यात माझ्या नावाच्या दोन पोळ्या जास्त असायच्या. गावात हे पसरायला आठवडा लागणार नाही. त्याआधी तू त्यांच्यापुढे बस आणि स्वतःच्या तोंडानं सांग. माझ्या आईला मी सांगितलं तसं, जाणूनबुजून केलं हेसुद्धा. ते जमलं तर मला कळवायची गरज नाही. नाही जमलं तरी कळवू नकोस.

काल-परवापर्यंत तुझी,
मनिषा रामहरी सानप