चेटकीण, आणि तुमच्या मुठीतले तांदूळ

गुरुजी,

परवा माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, चेटकीण म्हंजे का असते?" मी फळा पुसायला घेतला. उत्तर मला पाठ आहे. तुम्हीच दिलेलं, आपल्या तलावाकाठच्या शाळेत, मी सातवीत असताना. गोष्टीत चेटकीण आली की आम्ही पोरी एकमेकींना चिमटे काढायचो. तुम्ही पुस्तक मिटलंत. "भेता काऊन? जुन्या भाषेत चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. त्याच्यातून हा शब्द आला. मुळात ते राबणारी बाई आहे, बस." बाहेर चुलीवर माझी आई शाळेची खिचडी ढवळत होती. राबणारी बाई म्हटल्यावर मला तीच दिसली, आणि तुमच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू! घरी जाऊन आईला सांगितलं तर ती हसली. "तुये गुरुजी देवमानूस हाय."

त्याच पावसाळ्यात गावातली दोन लेकरं तापाने गेली. जाणत्यांनी पुजारी बोलावला. रीत तुम्हाला ठाऊक होती. प्रत्येक घराने मूठभर तांदूळ पळसाच्या पानात बांधून न्यायचे, पुजारी ते सुपात टाकून पाहणार, ज्या घरचे दाणे वाईट निघतील त्या घरची बाई करणी करणारी. पण एक जरी पुडी कमी असली तर तो सुपाला हात लावत नसे. आई त्या सकाळी निवांत होती. "गुरुजी नाई देत पुडी, पाह्यजो. होतच नाई मंग काई."

तुम्ही रांगेत होतात. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात हिरवी पुडी. आमच्या घरची घेऊन मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाही. दाणे आमचे वाईट निघाले.

दुसऱ्या दिवशी आईला तुम्ही शाळेच्या फाटकाशीच अडवलंत. "बाई, आता येऊ नोको. पोरं खात नाई तुया हातचं."

"मी का केलं जी, गुरुजी? तुमाले तं सारं समजते."

"मले या गावात राह्याचं आहे, बाई. मी नोकर मानूस."

नोकर तर तीही होती, गुरुजी. गावाने फसवलं असं मला कधी वाटलं नाही, गावाला कुठे माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं. त्यानंतर आई जिवंत असेतो कुणी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ती दिसली की बाया लेकरं पदराआड घ्यायच्या. तरी तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा ती रडली, आणि मला तिचाही राग आला.

त्या मुलीला मी शेवटी तुमचंच उत्तर दिलं. ते खरं आहे, याचाच जास्त संताप येतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. त्या दिवशी मी पुजाऱ्याकडून घरी आले, तेव्हा आईने भात वाढून ठेवला होता. पोट दुखतं म्हणून मी तिच्या हातचा भात सरकवला. माझं पोट दुखत नव्हतं.