आईच्या नावाची पाटी

नागसेनदादा, जय भीम.

आईची राख नदीत न सोडता आपण खड्ड्यात घातली आन् वर कडुलिंब लावला. राहू गावच्या रस्त्याकडंला लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला सावली व्हईल, असं तूच म्हणालास. आता तोच रस्ता रुंद व्हतोय. उद्या लिंब तोडणार हायत.

मी सायबाच्या पाया पडले. तो म्हणला, बदल्यात दुसरीकडं दहा रोपं लावू. दादा, त्या दहाच्या मुळाशी आई न्हाई रे.

सुट्टीवर आलास की घराआधी तू तिथंच बसतोस. म्हणून हे पत्र टाकायची हिंमत व्हत न्हाई.

आज सायबाच्या माणसांनी झाडावरची आईच्या नावाची पाटी काढून माझ्या हातात दिली. म्हणले, जपून ठेवा, तोडताना फुटायला नको.

तुझी,
गौतमी