तळ्यातली पाठमोरी

१ नोव्हेंबर १९५६, कासारवाडी

पोचलो! खोली पत्र्याची आहे, पण खिडकी पश्चिमेला, आणि खिडकीतून थेट तळं. कारखाना सायकलवर जवळच. घरमालकीण रुक्मिणीबाईंनी आल्याआल्या विचारलं, बायको कधी येणार. वारली म्हटलं, श्रावणात, विषमज्वरानं. आत गेल्या आणि पिठलं-भाकरी घेऊन आल्या. वर दटावलं, "खायला लाजू नगंस. असा वाळका ऱ्हायलास तर मशीन तुला दातकोरणं म्हून वापरंल." हसलो. फार दिवसांनी.

४ नोव्हेंबर

संध्याकाळी हे तळं पेटतं. आधी केशरी, मग डाळिंबी, मग वांग्याच्या सालीसारखं जांभळं. ट्रंकेतून बॉक्स कॅमेरा काढला. शालनसाठीच घेतला होता, पण रोल मिळेपर्यंत ती राहिली नाही. लग्नाच्या फोटोत तिची मान खाली, त्यात पुढं मुंडावळ्या. कऱ्हाडच्या घरात घरभर माणसं, दिवसा बायकोकडं बघायची चोरी. मी निघायचो तेव्हा ती चुलीपुढं असायची, पाठमोरी. डावीकडं कललेला अंबाडा अजून डोळ्यांसमोर येतो. चेहरा येत नाही. हे कुणाला सांगू?

५ नोव्हेंबर

रुक्मिणीबाई म्हणाल्या, फोटो खुशाल काढ, पण आधी साती आसरांना खण ठेव. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या आसरा. पाण्यातल्या बाया, तळं त्यांचं. बरं म्हटलं. पण खण आणू कुठून? ट्रंकेत शालनची हिरवी चोळी होती. कापड ते कापड. ठेवली, आणि अख्खा रोल संपवला.

११ नोव्हेंबर

पुण्यात रंगरावांच्या स्टुडिओत गेलो. ते फोटो धुतात आणि हातानं रंगवूनही देतात. म्हणाले, "काळ्यापांढऱ्यात सूर्यास्त म्हणजे, राव, बिनहळदीची आमटी!" मग म्हणाले, आभाळ रंगवतो, पण बाईचं लुगडं कुठल्या रंगाचं?

कुठली बाई?

त्यांनी भिंग पुढं केलं. तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभी. पाठमोरी. अंबाडा डावीकडं.

भ्यायलो नाही. रडलो. त्या परक्या माणसापुढं, स्टुलावर बसून.

१४ नोव्हेंबर

दुसरा रोल धुऊन आणला. ती आता काठाच्या जवळ. तिच्यामागं आणखी सात जणी. सगळ्या पाठमोऱ्या.

रुक्मिणीबाईंना दाखवलं. खण कुठला ठेवला होतास, विचारलं. सांगितलं. त्यांनी फोटो पालथा ठेवला. "कोरा खण देत्यात रं लेकरा! अंगावरली चोळी दिलीस, म्हंजे बाईच दिलीस की त्यास्नी."

परत मागता येत नाही का? येतं म्हणाल्या. दिवस बुडताना काठावर जायचं, तोंड बघून आपलं माणूस ओळखायचं आणि हात धरायचा. चुकून दुसरीचा धरला तर ती आपल्याला घेऊन जाते. आणि आपलं माणूस कायमचं त्यांचं.

तोंड बघून.

१५ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. आठवतोय. नाक — सरळ होतं बहुतेक. गोंदण कपाळावर होतं, की हनुवटीवर? घरी तार करू? आणि विचारू काय — माझी बायको दिसायची कशी —

१६ नोव्हेंबर

काठावर बसलोय. कॅमेरा आणला नाही. पाणी डाळिंबी झालंय.

आल्या. नुसत्या डोळ्यांनी दिसतायत. सगळ्यांचा अंबाडा डावीकडंच —

वळतायत.

आठही चेहरे दमलेले. आठही माझ्याकडं बघतायत, असं उघड, दिवसाउजेडी, जसं तिनं कधीच — एकीच्या कपाळावर गोंदण. एकीच्या हनुवटीवर. एकीच्या दोन्हीकडं —

उजेड चाललाय. पाणी जांभळं —

शालन म्हणून हाक मारली.

"अहो," म्हणाल्या. आठही जणी. एकदम. हात पुढं करून.

शालन, तू तरी सांग गं, यातला कुठला —