टल साहेबांची बारावी कादंबरी

३ सप्टेंबर १९५१
आले एकदाची! गाव नखाएवढं, पण समुद्र अगदी दारात. उद्यापासून मी अँब्रोज टल यांची टंकलेखिका. अकरा कादंबऱ्या, दोन मोठे पुरस्कार. बाईचं मन यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं समीक्षक म्हणतात. माझी सहा वर्षांची मुलगी ऑपल ओहायोत माझ्या आईकडे आहे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती येईल ती कायमचीच. स्वयंपाकीण गर्टीबाई भलतीच फटकळ. मला बघताच म्हणाली, "हाडं तेवढी उरलीत गं तुझी! आधी शिंपल्यांचं सूप ओरप, मग भेट त्या लेखकाला."

१० सप्टेंबर
कामाची रीत गमतीची आहे. सकाळी मी माझ्या आयुष्यातली एक खरी गोष्ट सांगायची. मग साहेब तिचाच मजकूर करून सांगतात आणि मी टाइप करते. कार्बन प्रत ठेवायची नाही, ही सक्त ताकीद. स्वतःबद्दल मात्र हा माणूस चकार शब्द काढत नाही. आज ऑपलच्या जन्माची गोष्ट सांगितली: बर्फात अडकलेली आमची गाडी, दूधवाल्याच्या ट्रकमधून गाठलेला दवाखाना. साहेबांचे डोळे भरून आले. मला कोण अभिमान वाटला!

२ ऑक्टोबर
आईचं पत्र आलं. ऑपलचा दात पडलाय. पण ती जन्मली कुठे, तेच मला आठवेना. गर्टीबाईला विचारलं, तर म्हणाली की आधीच्या अकरा टंकलेखिकांचंही असंच व्हायचं. आणि बटाटे सोलायला लागली.

१९ ऑक्टोबर
आज चोरून कार्बन ठेवला. जेवणानंतर वाचला. एक छोटी मुलगी आईचे बूट घालून अंगणभर मिरवते. रडूच आलं. यांना सुचतं तरी कसं! गर्टीबाई ओरडलीच, "अगं बये, सकाळी तूच सांगितलंस ना हे!"
मी? मला फार भीती वाटते आहे.

५ नोव्हेंबर
काही सांगायचं नाही असं ठरवते. त्यांच्यासमोर बसलं की तोंड आपोआप सुटतं. आज बॅग भरली — जायचं कुठे, ते आठवेना.

२२ नोव्हेंबर
एक म्हातारी बाई एका मुलीला घेऊन आली. मुलगी माझ्या गळ्यात पडली, सोडेना. मला आई म्हणते. गोड आहे बिचारी. गर्टीबाई ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

२३ नोव्हेंबर
ही वही पहिल्यापासून वाचली. ऑपल माझी आहे. आठवत काही नाही, पण अक्षर माझंच. लिहून ठेवते, नाहीतर दारापर्यंत जाईतो विसरेन — तिला घेऊन निघायचं, आत्ता —

साहेबांची खोली आतून बंद. टाइपरायटर वाजतोय. ते स्वतःच बसलेत. म्हणताहेत, "सांग बाळ, आई तुझे केस कसे विंचरायची?" — दार ठोठावते, उघडत नाही — गर्टीबाई कुऱ्हाड आणायला धावली —

टाइपरायटर थांबला. दार उघडलं. ऑपल बाहेर आली. माझ्याकडे बघून आदबीने विचारलं, "बाई, तुम्ही इथे काम करता का?"

सांगते तिला. लिहिलंय इथेच, वर, माझ्याच अक्षरात. मी तुझी आई, आणि तुझं नाव —